घरचंच वाय-फाय, तरी नो एन्ट्री!

परवा वीकेंडला नाशिकला घरी गेले होते. हातात नवाकोरा फोन, त्यात एका इंटरव्ह्यूचं तासाभराचं रेकॉर्डिंग, आणि रात्री आठच्या आत ते एडिटरला पाठवायचं. लॅपटॉप पुण्यात. घर तळमजल्यावर, त्यामुळे मोबाइलच्या रेंजची बोंब. पण घरी वाय-फाय आहे ना, मग टेन्शन कशाला?

टेन्शन होतंच! पासवर्ड टाकला की फोन दोन सेकंद विचार करायचा आणि 'कनेक्ट होऊ शकत नाही' म्हणून मोकळा. मग नेहमीचे प्रयोग सुरू. फ्लाइट मोड चालू-बंद. फोन रीस्टार्ट. राउटरचा प्लग काढून, अर्धा मिनिट थांबून परत लावला. नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड एकेक अक्षर बघून टाकला. छे! आईचा फोन मात्र त्याच वाय-फायवर मजेत रेसिपी दाखवत होता.

"अगं, बाबांनी कसली तरी यादी केलीय बघ," आई म्हणाली.

यादी? शेजारपाजारचे पासवर्ड मागून नेट वापरायला लागले, तेव्हा बाबांनी राउटरला मॅक फिल्टर लावला. प्रत्येक फोनला बारा आकडे-अक्षरांचा एक मॅक अ‍ॅड्रेस असतो. तो यादीत असेल तरच आत प्रवेश! माझी सटकलीच. "बाबा, आता मी पण परकी का?"

बाबा काही बोलले नाहीत. डायरी आणून समोर ठेवली. माझ्या नावापुढे जुना फोन खोडलेला, खाली नव्याचा अ‍ॅड्रेस. मीच महिन्यापूर्वी 'अबाऊट फोन'मधून बघून पाठवला होता आणि साफ विसरले होते.

मग घोडं अडलं कुठे? तर फोनच खोटी ओळख सांगत होता! अँड्रॉइड 10 (2019) आणि आयफोनच्या आयओएस 14 (2020) पासून बहुतेक फोन वाय-फायला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता एक बनावट देतात. मॉलमध्ये, कॅफेत कुणी आपला माग काढू नये म्हणून. सोय झकास, पण घरच्या यादीशी जुळणार कशी?

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये घरच्या नेटवर्कच्या नावावर जा, प्रायव्हसीत 'रँडम मॅक'ऐवजी 'फोन मॅक' किंवा 'डिव्हाइस मॅक' निवडा. आयफोनवर 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' बंद करा. फक्त घरच्या नेटवर्कपुरतं हं, बाहेर तो मुखवटा असू द्या!

फाइल आठला पाच कमी असताना गेली. मग बाबांना सॉरी म्हटलं आणि हेही सांगितलं, की मॅक अ‍ॅड्रेसची नक्कल करता येते, त्यामुळे फिल्टर म्हणजे काही पक्कं कुलूप नाही. दणकट पासवर्ड ठेवा, पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या, झालं.

"पासवर्ड बदलू," बाबा म्हणाले, "पण डायरी राहू दे. घरात कोण कोण आहे ते कळतं."