घर विकण्यापूर्वी

मुलगा अहमदाबादला स्थिरावला की सोलापूरच्या व्यापारी कुटुंबात प्रश्न उभा राहतो : वडिलांनी पेढी आवरून तिकडे जावे, की येथेच राहावे?

केवळ उन्हाकडे पाहून उत्तर मिळत नाही. मे महिन्यात दोन्ही शहरांत पारा चाळीस अंशांपुढे जातो. अहमदाबादने मात्र उन्हाशी हिशेबाने वागण्याची शिस्त जुनी जपली आहे. पोळांतील जुन्या घरांखाली पावसाचे पाणी साठविणारी टाकी असत. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्माविषयक कृती आराखडा अमलात आणला. मोठी रुग्णालये आहेत, मेट्रो आहे.

सोलापुरात उजनीचे पाणी नळाला रोज येत नाही. परंतु मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर असते, डॉक्टर तीन पिढ्यांना ओळखतात, आणि आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेने पावन झालेल्या कुंथलगिरीचे दर्शन घेऊन सूर्यास्तापूर्वी घरी परतता येते. हे जमेच्या रकान्यात कोणी लिहीत नाही.

म्हणून घर आधी विकू नये. कुलूप लावून एक संपूर्ण उन्हाळा अहमदाबादला राहून पाहावे. विकलेले घर आणि मुलाच्या व्यवसायात गुंतलेली रक्कम सहसा परत मागता येत नाही.

आणि या निर्णयात आईचे मत सर्वांत आधी विचारावे. मुलगा-सून कामावर गेल्यावर वैशाखाची दुपार बंद दाराआड तिलाच काढावयाची असते.