मैत्रीची इर्जिक आणि समाजाचे देणे

जुन्या मोटारींचा नाद म्हणजे पैसेवाल्यांचा चोचला, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही. संस्थानिकांच्या वाड्यांतून बाहेर पडलेल्या रोल्स-रॉइस आणि ब्यूक गाड्या धुऊनपुसून मुंबईच्या रस्त्यांवरून मिरवतात, तेव्हा पदपथावर उभ्या असलेल्या माणसाचा त्या सोहळ्याशी पाहण्यापलीकडे काही संबंध नसतो. समाजवादी साप्ताहिकाने अशा नादाची दखल का घ्यावी, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. त्याचे उत्तर न्यूझीलंड या सुमारे पन्नास लाख वस्तीच्या देशात सापडते. तेथे हा नाद कारागीर, शेतकरी, शाळामास्तर अशा मध्यम मिळकतीच्या माणसांतही रुजला आहे. त्यांच्यातला एखादा गंभीर अपघातात सापडला म्हणजे सोबती त्याच्यासाठी काय करतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना काय करावे लागत नाही, यात आपल्यासाठी एक धडा आहे.

या नादाचे मूळ आर्थिक इतिहासात आहे. १९३८ साली तेथील पहिल्या मजूर पक्षाच्या सरकारने परकीय चलनाच्या टंचाईपायी आयातीवर परवान्यांचे निर्बंध घातले. हे निर्बंध कमीअधिक स्वरूपात काही दशके टिकले. नवी मोटार मिळणे दुरापास्त झाले; ज्याच्यापाशी परदेशात चलन शिल्लक असेल त्याचा नंबर आधी लागे. उरलेल्यांनी होत्या त्या गाड्या वर्षानुवर्षे दुरुस्त करून चालवल्या. परदेशातून सुटा भाग येत नसेल तर तो घरामागच्या शेडमध्ये कातून काढावा, ही सवय घरोघर लागली. १९४६ साली ‘व्हिंटेज कार क्लब ऑफ न्यूझीलंड’ स्थापन झाला. १९८० च्या दशकाअखेर निर्बंध उठले आणि जपानमधून वापरलेल्या गाड्यांचा लोंढा आला. जुन्या गाडीची गरज संपली, पण तिच्याभोवती जमलेली माणसे पांगली नाहीत.

ती का पांगली नाहीत, हे समजून घेण्याजोगे आहे. जी गाडी बनणे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी थांबले, तिच्या सुट्या भागांना नेहमीची बाजारपेठ उरत नाही. कारखानदाराला त्यात नफा नाही आणि दुकानदाराला तो माल ठेवणे परवडत नाही. बाजार जेथून निघून जातो तेथे माणसांना एकमेकांकडे जावे लागते. एकाकडे गिअरबॉक्स असतो, दुसऱ्याला लेथ चालवता येते, तिसऱ्याला पत्रा ठोकून सरळ करण्याची हातोटी असते. हिशेब वहीत मांडला जात नाही, तरी तो कोणी विसरत नाही. अशी गाडी कागदोपत्री एकाच्या मालकीची असली, तरी ती चालते अनेकांच्या श्रमांवर. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा व्यवहार नवा नाही. गावातल्या एकाचे शेत नांगरायचे राहिले तर सारे आपापले बैल घेऊन येतात, दिवसभरात नांगरट उरकतात आणि त्याच्या घरी जेवून परततात. यालाच आपल्याकडे इर्जिक म्हणतात. मोटारींच्या शेडमध्ये शनिवारी-रविवारी भरते ती इर्जिकच होय.

अशा मंडळींत अपघाताला विशेष अर्थ असतो, कारण जुनी गाडी दिसायला भक्कम असली तरी आतल्या माणसाला निर्दय असते. आजच्या मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपला जाऊन आघात शोषून घेईल अशा रीतीने बांधलेला असतो. जुन्या गाडीचा सांगाडा ताठ असतो, तो आघात जसाच्या तसा माणसापर्यंत पोचवतो. स्टिअरिंगचा दांडा धडकेने दुमडत नाही, तो छातीवर येतो. कित्येक गाड्या घडवल्या गेल्या तेव्हा पट्ट्यांची सक्ती नव्हती. अशा धडकेतून माणूस जगला तर बरगड्या, मांड्या आणि कंबरेची हाडे मोडून जगतो. त्याचे बरे होणे आठवड्यांत मोजता येत नाही. त्याला महिने आणि कधी वर्षे लागतात.

या लांबलेल्या काळात मित्रांनी करावे असे पुष्कळ असते. पाळीपाळीने इस्पितळात जाऊन बसावे. पत्नीला गाडीतून ने-आण करावी. घरापुढचे गवत कापावे, जळाऊ लाकूड फोडून रचावे. चेचलेली गाडी भंगारात जाऊ न देता ओढून एखाद्याच्या शेडमध्ये ठेवावी, आणि पायावर उभा राहू न शकणाऱ्या तिच्या मालकाला खुर्चीत बसवून ‘हा दरवाजा ठेवायचा की बदलायचा?’ असे विचारावे. हा प्रश्न दरवाजाविषयी नसतो. आपले मत अजून कोणाला हवे आहे, आपल्या हातून अजून काही होणार आहे, हे रुग्णाला त्यातून कळते. जे औषधाच्या बाटलीत मिळत नाही ते हेच.

पण या यादीत एक गोष्ट नाही. मित्रांना इस्पितळाच्या बिलासाठी टोपी फिरवावी लागत नाही. ज्या सरकारने १९३८ साली आयातीवर निर्बंध घातले, त्याच सरकारने त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला आणि सार्वजनिक इस्पितळांतील उपचार विनामूल्य होण्याचा मार्ग खुला केला. पुढे न्या. ओवेन वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६७ साली आपला अहवाल दिला. अपघाताचा भार सबंध समाजाने उचलावा, सर्वांना समान निकषांवर हक्क मिळावा, पुनर्वसन परिपूर्ण असावे, भरपाई खरीखुरी असावी आणि कारभार सुटसुटीत असावा, ही त्याची पाच तत्त्वे होती. १९७२ साली कायदा झाला. मजूर सरकारने १९७३ साली तो न कमावणाऱ्यांनाही, म्हणजे गृहिणी आणि मुले यांनाही, लागू केला. आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. चूक कोणाची, हा प्रश्न भरपाईच्या वाटेतून त्याने हटवला. झाडावर आदळलेला चालक आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी यांना उपचार व पुनर्वसन यांचा सारखाच हक्क मिळाला. कमावत्या माणसाला पहिल्या आठवड्यानंतर त्याच्या कमाईच्या ८० टक्के रक्कम आठवड्याच्या आठवड्याला मिळते. त्याच्या मोबदल्यात समाजाने इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क सोडला. मोटार अपघातांपुरता पैसा उभा राहतो तो पेट्रोलवरील आणि वाहन-परवान्यावरील आकारणीतून, अर्थात मोटार चालवणाऱ्यांकडूनच.

आता आपल्याकडे वळू. येथेही माणसे काही कमी प्रेमळ नाहीत. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी घ्या. २००३ साली नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तीच गाडी आता शौकिनांच्या संग्रहात मानाने उभी राहते. एकाच्या दृष्टीने जी आठवण आहे, ती दुसऱ्याची रोजीरोटी होती. २०२१ सालच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आणि तिची फी २०,००० रुपये ठरवली. वस्तूचे जतन करण्याची व्यवस्था झाली, हे ठीकच. पण ती गाडी आयुष्यभर हाकणाऱ्याचे हाड मोडले तर त्याच्या जतनाचे काय? स्टँडवरचे सोबती वर्गणी काढतात. जे वर्गणी देतात त्यांचीही मिळकत रोजची असते. त्यांच्या धावपळीचा पहिला दिवस इस्पितळाच्या अनामत रकमेत आणि दुसरा रक्ताच्या बाटल्यांत जातो. रुग्णापाशी निवांत बसायला कोणाला सवड उरत नाही.

आपला कायदा मुळीच हललेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती आणली. १९८२ च्या दुरुस्तीने चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे तत्त्व स्वीकारले. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बळीच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळू लागले. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना जाहीर झाली. तिची मर्यादा सात दिवस आणि दीड लाख रुपये. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेनेही ठरावीक इस्पितळांत, ठरावीक उपचारांचा भार उचलला आहे.

परंतु या साऱ्या तरतुदींचा रोख एकतर मृत्यूकडे आहे किंवा पहिल्या आठवड्याकडे. मोडलेली मांडी सात दिवसांत जुळत नाही. आठव्या दिवसापासून घरभाडे, मुलांची फी आणि व्यायामोपचार यांचे काय, याला उत्तर नाही. दुसऱ्याची चूक असेल तर न्यायाधिकरणाची पायरी चढावी आणि वर्षे मोजावीत. स्वतःच्या चुकीने आदळलेल्या चालकाला तृतीय पक्षाच्या विम्यातून काहीच मिळत नाही. आणि मालक-चालकासाठी असलेला सक्तीचा अपघात विमा उपयोगी पडतो तो मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच. सहा महिने खाटेवर पडून पुन्हा उठणारा माणूस कायद्याच्या हिशेबी जणू अस्तित्वातच नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि दर पाचांतील जवळपास एक पायी चालणारा होता. ज्यांच्या पदरी क्लब नाही, संघटना नाही, वर्गणी काढणारे सोबतीही नाहीत, अशांचा या आकड्यांत मोठा वाटा आहे.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. मैत्री हा उदात्त भाव असला तरी मदतीची व्यवस्था म्हणून ती संपत्तीइतकीच विषम वाटलेली असते. श्रीमंताचे मित्र श्रीमंत असतात आणि बिगाऱ्याचे मित्र बिगारी. ज्याला मदत सर्वांत जास्त हवी, त्याच्याच सोबत्यांचे खिसे सर्वांत रिकामे असतात. मोठा धोका लहान वर्तुळात वाटला तर तो सगळ्यांनाच बुडवतो. तो सबंध समाजात वाटला तरच हलका होतो, हे विम्याचे प्राथमिक गणित आहे. इर्जिकीने शेत नांगरले जाते, धरण बांधले जात नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सरकार सर्व करू लागले तर माणसांतील आपुलकी आटेल. न्यूझीलंडमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ ही व्यवस्था आहे आणि तेथील शेडमधली इर्जिक काही बंद पडलेली नाही. किंबहुना पैशाची विवंचना दूर झाली की मित्राला मित्र म्हणून वागता येते. तो सावकार होत नाही आणि रुग्ण ऋणको होत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. रस्ते बांधण्यासाठी इंधनावर उपकर घेता येतो, तर त्याच रस्त्यावर मोडलेल्या माणसासाठी का घेता येऊ नये? दुचाकीवाल्या गरिबावर त्याचा बोजा पडू नये म्हणून आकारणीचा मोठा भाग वाहनाच्या किमतीनुसार विम्याच्या हप्त्यांतून वसूल करता येईल. महागडी मोटार बाळगणाऱ्याने थोडे अधिक द्यावे, यात अन्याय काही नाही.

न्यूझीलंडची व्यवस्था निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. अपघाताने अंथरुणाला खिळलेल्याला ती जे देते ते आजाराने खिळलेल्याला देत नाही, ही तिच्यातील मोठी विसंगती आहे. १९९२ साली एकरकमी भरपाई काढून टाकण्यात आली आणि ती परत यायला दहा वर्षे लागली. १९९९ साली कामावरील अपघातांचा विमा खासगी कंपन्यांना खुला करण्यात आला. पुढच्याच वर्षी मजूर सरकारने तो निर्णय फिरवला. मिळवलेले हक्क राखण्यासाठी जागता लोकपक्ष लागतो, एवढे यावरून शिकावे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. सात दिवसांची मर्यादा काढून उपचार पुनर्वसनापर्यंत न्यावेत. चूक कोणाची हे न विचारता, कामावर परतेपर्यंत निदान किमान वेतनाइतकी रक्कम दर आठवड्याला द्यावी. व्यायामोपचार आणि कृत्रिम अवयवांची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी. हे झाले तरी मित्रांना काम उरेलच. खाटेशेजारी बसणे, बाहेरची खबर सांगणे आणि मोडलेल्या गाडीच्या दरवाजाबद्दल रुग्णाचे मत विचारणे, हे कोणत्याही सरकारला जमणारे नाही. त्यासाठी मित्रांना मोकळे करणे मात्र सरकारला जमते, आणि तेच त्याचे कर्तव्य आहे.