किरकोळ मार आणि ठाण्याची पायरी

दौंड तालुक्यातील वरवंडसारख्या बागायती गावात पाण्याच्या पाळीवरून शब्दाने शब्द वाढतो आणि हात उगारला जातो. जखम किरकोळ असते, अपमान मात्र खोल जातो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वचन मग घरोघर ऐकू येते. त्यात व्यवहार आहे. परंतु त्याच्या आडोशाने दांडगाईही पोसली जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) नुसार अशी दुखापत करणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद वा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलीस तपास करीत नाहीत. तरीही ठाण्यातील नोंद पुढील काळासाठी साक्ष ठरते आणि तडजोडीचे दारही उघडेच राहते.

राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीमही समेटासाठीच होती. समेट अवश्य व्हावा; मात्र तो मार खाणाऱ्याच्या मुक्त संमतीने व्हावा. मारणारा आपल्या ओळखीचा असला, तरी कार्यकर्त्याने दुर्बलाला ठाण्यापर्यंत सोबत करावी. समरसतेची कसोटी लागते, ती अशाच वेळी.