आधी टाकीखालचं वाचा

भंगारवाल्याला पितळ दिसतं, दिवा दिसत नाही. मासवणात आमच्या ओळखीच्या एका घरी माळ्यावरून टेबलावर ठेवायचा जुना दिवा निघाला. खाली गोल टाकी, मध्ये उभी नळी, वर काच. दादी म्हणाल्या, रमजानात तरावीहला हीच बत्ती मशिदीत जायची. मुलगा किलोवर विकायला निघाला होता आणि नातू मोटारसायकलमधलं पेट्रोल घालून पेटवायला. विकायचं पुढचं पुढे, आम्ही आधी नातवाला थांबवलं.

अशा दिव्याला आपण गॅसबत्ती म्हणतो, पण तिच्यात गॅस भरत नाहीत. पंपाने टाकीत हवा कोंबली की रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते, बारीक भोकातून सुटून ती हवेत मिसळते आणि जाळीत जळते. म्हणून पहिली खूण पंपाची. वात आहे आणि पंप नाही, तर तो दाबाचा दिवा नव्हे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असा वातीचा. अल्लादीन नावाच्या दिव्याला तर जाळीसुद्धा असते, पण पंप नसतो, म्हणून पुष्कळजण फसतात.

दुसरी खूण इंधनाची, आणि जीव इथेच जातो. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीचा पेट्रोमॅक्स रॉकेलचा. नळीखालच्या लहान वाटीत स्पिरिट जाळून तो आधी तापवतात. अमेरिकेच्या कोलमनचे कित्येक टेबल-दिवे मात्र शुद्ध पांढऱ्या पेट्रोलवर चालत. रॉकेलच्या दिव्यात पेट्रोल गेलं तर भडका उडतो. दोन्ही दिवे लांबून सारखेच दिसतात, म्हणून टाकी उलटी करून अक्षरं वाचावीत. बऱ्याच कोलमन दिव्यांच्या बुडाला महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. ही अक्षरं म्हणजे दिव्याचा जन्मदाखला. पॉलिशवाल्याने मशीनवर घासली की ती गेली, आणि जुन्या वस्तूंचा जाणकार मग पितळेचाच भाव देतो. कोमट साबणपाणी आणि मऊ कापड पुरे. काळेपणा थोडा राहिला तर राहू द्या.

जाळीची गोष्ट आपल्या भागाला शोभणारी आहे. व्हिएन्नाच्या आउअर फॉन वेल्सबाखने 1885 मध्ये जाळीचं पेटंट घेतलं. पुढे मिश्रण ठरलं, 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड. 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमचं मोनाझाइट सापडलं आणि ती वाळू युरोपातल्या जाळ्यांसाठी बोटीने जाऊ लागली. तारापूरची अणुभट्टी 1969 पासून युरेनियमवर चालते, पण त्याच्या कितीतरी आधी किरणोत्सर्गी धातू आपल्या लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवत होता! मात्रा अगदी कमी, तरी जुन्या जाळीची राख फुंकू नये, लेकरांच्या हाती देऊ नये, ओल्या कागदाने टिपून घ्यावी.

दुरुस्तीत बहुतेक वेळा पंपाचं चामडी वॉशर वाळून कडक झालेलं असतं. ते शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर ठेवलं की मऊ होतं, नाहीतर नवीन कापून घ्यावं. भोक पिनेने मोकळं करावं, पण पिन जाड नको, कारण भोक मोठं झालं की ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. मग रॉकेल न घालता हवा भरून टाकी बादलीत बुडवावी, सायकलवाला ट्यूब तपासतो तशी. सांध्यातून बुडबुडे आले तर तो दिवा शोभेचाच ठेवा. आत इंधनाची वाफ असलेल्या टाकीला झाळण लावायला कोणी तयार झाला, तरी त्याच्या हाती देऊ नका.

बुडबुडे नाही आले, तर पहिल्यांदा अंगणात पेटवा. जवळ वाळूची बादली ठेवा, लेकरांना ओट्यावर बसवा. हवा सोडायचा स्क्रू कुठे आहे हे मात्र पेटवण्याआधीच बोटाने चाचपून ठेवा.