मजुरीतून पाणी, पाण्यातून मजुरी

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा परिसर हिरव्या मिरचीचा. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर लागवड होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोडणी सुरू होते. सकाळीच बायका सरीला लागतात. देठ शाबूत ठेवायचा, फांदी मोडू द्यायची नाही, कोवळी मिरची झाडावरच राहू द्यायची. मजुरी किलोवर. दिवस मावळेपर्यंत बोटांची आग आग होते. तरीही घरोघरी तोडणीची वाट पाहिली जाते, कारण एकाच झाडाची तोडणी पुन्हा पुन्हा होते आणि हाताला सलग काम मिळतं.

हे सगळं विहिरीच्या तळावर अवलंबून. जालना जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा तिथेच सुटते. म्हणून रोजगाराचा प्रश्न मला आधी पाण्याचा प्रश्न वाटतो.

महाराष्ट्राने रोजगार आणि पाण्याची ही सांगड फार पूर्वी घातली होती. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून लाखो माणसं जगली आणि 1977 साली त्या हमीचा कायदा झाला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून दरमहा कापले जाणारे ते 200 रुपये म्हणजे शहराने खेड्याच्या घामाला दिलेली साथ आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

मात्र नुसत्या मजुरीने घर तगतं, वर येत नाही. जालना तालुक्यातलं कडवंची हे पाहण्यासारखं उदाहरण. 1996 पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि बांध झाले. मागोमाग शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. छाटणी, विरळणी, काढणी अशी कामं शिवारातच निघाली. 2012 च्या दुष्काळातही तिथल्या बागा तगल्या.

धावड्याच्या माथ्यावर अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्या उतारावर समतल चर, नाल्यावर बांध आणि अल्पभूधारकाच्या रानात सिंचन विहीर, ही कामं हमीतून होऊ शकतात. पाणी वाढलं की बागायतदाराचं भलं होतं, भूमिहीन तिथेच राहतो, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तोडणीचा दर बायकांच्या गटाने एकत्र बसून ठरवावा, हातमोजे शेतमालकाने द्यावेत. भाव पडला की मिरची पिकू द्यावी आणि वाळवण, तिखटाचं काम बचत गटाने हाती घ्यावं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सत्काराआधी एक यादी वाचली जावी: कोणत्या घरातून माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्यासाठी कोणतं काम मंजूर आहे. त्या घरांचे मागणी अर्ज तिथेच भरून घ्यावेत आणि पोच हातात द्यावी. कायद्यातली हमी पोच मिळाल्यावरच सुरू होते.