पालकांशी हितगुज : विमानाच्या वाटा

बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले, की आम्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत पालकांची वर्दळ सुरू होते. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी ह्या दोन राजमार्गांची चौकशी पूर्वीपासून होत आली आहे. अलीकडे तिच्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘‘सर, मुलगी म्हणते, विमानाच्या क्षेत्रात जायचं. पाठवावं का?’’ विचारणाऱ्या वडिलांच्या आवाजात कौतुक असते, तशीच धास्तीही असते. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांत राहते घर किंवा गावाकडचा जमिनीचा तुकडा हीच आयुष्याची शिल्लक. ती पणाला लावावी काय, हा खरा प्रश्न त्यामागे दडलेला असतो.

हैदराबादकरांना विमान परके नाही. निजाम सरकार आणि टाटा ह्यांच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेजची विमाने बेगमपेठहून उडत असत. १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविणाऱ्या प्रेम माथुर ह्यांना अन्य कंपन्यांनी दारातून परत पाठविले. त्यांना काम दिले ते ह्याच डेक्कन एअरवेजने. पुढे १९८५ साली कोलकाता-सिलचर मार्गावर केवळ स्त्री-कर्मचारी असलेले विमान उडाले, त्याचे सारथ्य कॅप्टन सौदामिनी देशमुख ह्यांनी केले. तेव्हा ‘मुलीच्या जातीला हे झेपेल काय?’ ह्या शंकेचे उत्तर कधीच मिळून गेले आहे. झेपेल की नाही हे ठरते ते शरीरप्रकृती, अभ्यास आणि पैसा ह्या तिहींवर.

प्रथम वैमानिकाची वाट पाहू. व्यावसायिक परवाना देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आहे. आतापर्यंतच्या नियमांनुसार उमेदवाराने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असावेत. हे विषय सुटले असल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते देता येतात. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी महासंचालनालयाचे ताजे निवेदन पाहावे. दिक्चालन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती ह्या विषयांच्या लेखी परीक्षा असतात. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा वेगळी असते. आणि २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही सरकारी संस्था प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडते. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथेही उड्डाणाचे शिक्षण मिळते.

खर्चाचा आकडा मात्र छातीत धडकी भरविणारा आहे. परवान्यापर्यंतच पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक रक्कम लागते. आणि एखाद्या विशिष्ट जातीचे मोठे विमान चालविण्याचे शिक्षण घ्यावयाचे, तर त्याचा भार पुन्हा निराळा. एवढे करूनही नोकरी हातात ठेवलेली नसते. म्हणून माझा आग्रह असा, की एक रुपयाही भरण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी. महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडे प्रथम दुसऱ्या वर्गाची आणि त्यानंतर पहिल्या वर्गाची तपासणी होते. व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची अट आहे. चष्मा असला म्हणून वाट बंद होत नाही. चष्म्यासह दृष्टी निर्दोष असली म्हणजे पुरते. परंतु रंग ओळखण्यातील दोष अनेकदा घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो. तो मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो, आणि औषधाने बरा होत नाही. शुल्क भरल्यावर तो कळणे ह्यासारखे दुर्दैव नाही.

आता दुसरी गोष्ट. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे शब्दांच्या अर्थाविषयी जरा काटेकोर आहे. ‘पदविका’ आणि ‘परवाना’ ह्या दोन शब्दांतील अंतर पालकांनी नीट समजून घ्यावे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम एका शहरातील खाजगी संस्थेत भरली. दारावर विमानाचे भव्य चित्र, आत गणवेशातील तरुण-तरुणींची छायाचित्रे. वर्षभराने मुलीच्या हाती सुबक छापलेली पदविका आली. ती घेऊन मुलगी मुलाखतींना गेली, तेव्हा कळले, की त्या कागदाची मागणी कोणत्याही विमान कंपनीने केलेलीच नव्हती. मुलगी हुशार होती, कष्टाळूही होती; पण वर्ष गेले आणि वडिलांची पुंजीही गेली.

प्रवाशांची सेवा करणाऱ्या केबिन क्रूसाठी बारावी उत्तीर्ण होणे, किमान वय १८, योग्य उंची, पोहणे आणि स्पष्ट बोलणे अशा अटी सामान्यतः असतात. निवड झाल्यावर सुरक्षेचे अनिवार्य शिक्षण कंपनीच्या व्यवस्थेतच घ्यावे लागते. हे काम केवळ चहा-फराळ देण्याचे नव्हे. संकटकाळी निम्म्या दारांतून सारे विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, अशी मोठ्या विमानांची कसोटी असते, आणि तो प्रसंग आला तर जबाबदारी ह्याच मुला-मुलींवर पडते.

ज्यांची दृष्टी आकाशाकडे आहे, त्यांनी जमिनीवरच्या वाटाही पाहाव्यात. विमान दुरुस्त करून त्यावर स्वाक्षरी करणारा परवानाधारक अभियंता नसेल, तर वैमानिक हजर असूनही विमान जागचे हलत नाही. बी-१ हा परवाना इंजिन व सांगाडा ह्यांसाठी, तर बी-२ हा विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. ह्या शिक्षणाच्या संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे किंवा नाही, हे संस्थेच्या माहितीपत्रकात न पाहता महासंचालनालयाच्याच यादीत पाहावे. वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी ही निराळी. ती विमान घडविणाऱ्यांची वाट आहे. आपल्या शहराजवळ आदिबटला येथे अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे तयार होतात. पहिला सांगाडा २०१८ साली बाहेर पडला.

आणखी एक वाट मध्यमवर्गीय घरांना विशेष परवडणारी आहे. ती हवाई वाहतूक नियंत्रकाची. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्‌सी. झालेल्यांना, तसेच अभियंत्यांना, भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाची स्पर्धापरीक्षा देता येते. निवड झाल्यावरचे शिक्षण प्राधिकरणच देते. ठराविक मुदत नोकरी करण्याचा करार तेवढा करावा लागतो. प्रयागराज आणि गोंदियाप्रमाणेच आपल्या हैदराबादेतही हे शिक्षणकेंद्र आहे. घर गहाण टाकण्याची गरज नाही. गरज आहे ती दोन-तीन वर्षे चिकाटीने बसण्याची.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीची भीती बाळगू नये. वैमानिक आणि नियंत्रक ह्यांना आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर किमान चौथ्या पातळीचे इंग्रजी यावे लागते. तेथे अलंकारिक भाषा नको. थोडके, स्वच्छ आणि नि:संदिग्ध बोलणे हवे, आणि ते सरावाने येते. शिवाय घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, शाळेत हिंदी-इंग्रजी अशी वाढलेली आपली मुले प्रवाशांशी वागताना कोठेही अडणार नाहीत.

ह्या व्यवसायाचे चढउतारही मुलांपासून लपवू नयेत. १९९३ साली उड्डाणे सुरू करणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली, आणि हजारो अनुभवी माणसे घरी बसली. म्हणून परवान्याच्या जोडीला विद्यापीठाची एखादी पदवी बाहेरून का होईना, मुलाने पूर्ण करावी.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर तिला हसू नये आणि लगेच बँकेतही धावू नये. प्रथम वैद्यकीय तपासणी, मग संस्थेच्या मान्यतेची खातरजमा, त्यानंतर शैक्षणिक कर्जाचा मासिक हप्ता कागदावर मांडून तो घराला पेलेल काय ह्याचा विचार, आणि सर्वांत शेवटी पैसे. हा क्रम पालकांनी उलटू देऊ नये.