कर्ज नको, गिऱ्हाईक द्या

कोड लिहून देणारे ‘कर्सर’ हे साधन बनवणाऱ्या एनीस्फिअर कंपनीत गुंतवणूकदारांनी 2025 मध्ये 2.3 अब्ज डॉलर ओतले. आपल्या हिशेबाने सुमारे वीस हजार कोटी रुपये. 2022 मध्ये चार विद्यार्थ्यांनी काढलेल्या या कंपनीचे मोल तेव्हा 29.3 अब्ज डॉलर धरले गेले. महाराष्ट्राने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या स्टार्टअप धोरणात ‘मुख्यमंत्री महा-फंड’ आहे 500 कोटींचा. या दोन आकड्यांच्या तफावतीवर रडण्यात अर्थ नाही. मंत्रालयाने अमेरिकेतल्या पैशाशी बरोबरी करावी, असे कोणी म्हणत नाही. संताप येतो तो त्या 500 कोटींचे काय करायचे ठरले, याचा. पंचवीस हजार उद्योजक निवडायचे आणि त्यांना मार्गदर्शन व कर्जसहाय्य द्यायचे. नांदेड-लातूरच्या पोराला कर्जाची टंचाई कधीच नव्हती. त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर ते आधीच चढलेले आहे.

गुंतवणूकदाराचा पैसा आणि कर्ज यांतला फरक सरकारला कळत नाही काय? याच क्षेत्रातली बिल्डर डॉट एआय ही कंपनी मे 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. मायक्रोसॉफ्टचे आणि कतारच्या सरकारी निधीचे पैसे तिच्यात अडकले होते. असा पैसा बुडाला की बुडाला. तो कोणाच्या शेतावर बोजा म्हणून चढत नाही. कर्ज चढते. कर्सरसारखेच साधन बनवणाऱ्या विंडसर्फ कंपनीच्या प्रमुखाला आणि निवडक अभियंत्यांना गुगलने 2.4 अब्ज डॉलर मोजून उचलले आणि उरलेली कंपनी दोन-तीन दिवसांत दुसऱ्याच कंपनीने घेतली. इतक्या अस्थिर धंद्यात आमच्या मुलांनी हप्ते बांधून घेऊन उतरायचे?

शिवाय कोड लिहिणारी ही साधने नेमके कोणाचे काम करतात? चाचण्या लिहिणे, चुका शोधणे, जुना कोड दुरुस्त करणे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या कॉलेजातून पुण्याच्या हिंजवडीला गेलेल्या मुलाची पहिली दोन वर्षे याच कामात जात. त्या पहिल्या पायरीवरच घाव आहे. टीसीएसने जुलै 2025 मध्ये बारा हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कंपनी कौशल्याचे कारण देते, पण नव्या मुलांनी त्यातून काय समजायचे? आणि त्याआधीच, 2024-25 पासून, तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय जागांवरची मर्यादा उठवली होती. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या, फलकांवर ‘एआय अँड डेटा सायन्स’ आले. या जागांची फी येते सोयाबीनमधून. त्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, अडतीवर मिळाला त्याखाली. अतिवृष्टीतून वाचलेल्या मालाच्या विक्रीची पट्टी खिशात घेऊन बाप फी भरायला उभा राहतो. त्या मुलाला चौथ्या वर्षी काय सांगणार?

आता दुसरी बाजू. कर्सरसारखे साधन महिन्याला वीस डॉलरला, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. पूर्वी पाच-सहा जणांची टोळी लागायची, त्यातले बरेच काम आता तिसऱ्या वर्षाची दोन मुले उरकतात. म्हणजे भांडवल ही पहिली अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती पहिल्या गिऱ्हाइकाची. बाजार समिती, साखर कारखाना, महापालिका यांच्या दारात ही मुले गेली, की निविदेत तीन वर्षांची उलाढाल, अनुभवाचा दाखला आणि बयाणा रक्कम आडवी येते. नवउद्योगांना यातून सवलत देण्याचे सरकारी आदेश आहेत. तालुक्याच्या खिडकीवर ते वाचतो कोण?

लातूरच्या अडतीवर उभे राहून पाहा. मूठभर सोयाबीन यंत्रात टाकतात, कोणीतरी ‘मॉइश्चर चौदा’ म्हणतो आणि भाव खाली येतो. तो चौदाचा आकडा शेतकऱ्याच्या हाती कागदावर पडत नाही. यंत्रातला आकडा थेट पट्टीवर छापणे आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवणे, हे काम कॅलिफोर्नियातून कोणी करायला येणार नाही. ते औशाची, मुखेडची मुलेच करतील. कारण ती त्या ओट्यावर वाढली आहेत.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात 24 नवउद्योगांना 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची रीत 2018 मध्ये सुरू झाली. वाट तीच आहे, फक्त ती मुंबईत संपते. महा-फंडातला ठरावीक हिस्सा कर्जाऐवजी जिल्ह्यातल्या कामांच्या कार्यादेशांसाठी बाजूला काढा, बिल तीस दिवसांत चुकते करा आणि नांदेड व लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना त्याचा हिशेब मागा. पुढच्या हंगामाचे सोयाबीन ऑक्टोबरात ओट्यावर येईल. तोवर पहिला कार्यादेश निघाला पाहिजे.